कोणासाठी घेता, बाई?

“कोणासाठी घेता, बाई?” एवढंच तिनं विचारलं होतं. विचारण्यात काही खोच नव्हती. त्या दुकानात एक लांबट वही असते. तिच्यात माणसांचं, बायांचं, लेकरांचं असे तीन रकाने आखलेले. विकलेली वस्तू कुठल्या रकान्यात मांडायची, तेवढंच तिला हवं होतं. माझ्या हातात काथ्या रंगाचा, हातानं विणलेला स्वेटर होता. पुढून गुंड्या, डाव्या कोपराला जरा फिक्या लोकरीनं केलेली डागडुजी. आडोशाला जाऊन मी तो अंगाला लावून पाहिला होता आणि तो मला बेताचा बसत होता. आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं पोरांना खरं बोला म्हणून सांगत आलेली मी, पापणीही न लववता म्हणाले, “आमच्याकडे वेचणीला येतात ना, त्या वहिनींसाठी.” “बरं केलं,” ती म्हणाली, “थंडी लय पडून राह्यली औंदा.” तिनं बायांच्या रकान्यात एक रेघ ओढली, पन्नासची नोट डब्यात टाकली, स्वेटर जुन्या पेपरात गुंडाळून सुतळीनं बांधून दिला. बाहेर आले तेव्हा वारा चांगलाच गार होता आणि माझ्या कानाच्या पाळ्या मात्र तापल्या होत्या.

कोणी पकडलं नव्हतं. पकडायला तिथं कोणी नव्हतंच.

दुकान म्हणायचं ते आपलं सोयीसाठी. हिंगणघाटच्या अलीकडे-पलीकडे बंद पडलेल्या जिनिंगा काही कमी नाहीत. तशाच एकीच्या गोदामाचा पुढचा भाग झाडूनपुसून घेतलाय. गावातल्या दहाबारा बाया मिळून चालवतात. काही माझ्यासारख्या नोकरीतून सुटलेल्या, काही सुनेच्या हाती स्वयंपाक देऊन दुपारचे तीन तास मोकळ्या झालेल्या. लोक जुने कपडे आणून टाकतात, या बाया ते निवडतात, धुतात, गुंड्या लावतात आणि बाजाराच्या दिवशी मांडतात. येणाऱ्या पैशातून सेवाग्रामच्या दवाखान्यात जाणाऱ्या रोग्याचं आणि त्याच्यासोबतच्या माणसाचं एसटीचं तिकीट निघतं. आत शिरलं की आधी वास येतो. डांबरगोळ्यांचा, निरम्याचा, आणि त्याच्या खाली, भिंतीत मुरून बसलेला सरकीचा तेलकट जुना वास. वर पत्रे. पत्र्यांच्या खिळ्यांना अजून कापसाची बोटभर धूळ लटकलेली. दोन बांबू आडवे बांधून त्यांवर साड्या टाकलेल्या, शर्ट दोरीवर, लेकरांचं सगळं एका मोठ्या गंजात. पुठ्ठ्यावर खडूनं लिहिलेले भाव: लेकरांचे १०, शर्ट २०, साडी ४०, स्वेटर ५०. एका बरणीत नुसत्या गुंड्या. ती बरणी बघितली की मला का कोण जाणे, फार बरं वाटतं.

फुकट का नाही वाटत, असं मी एकदा विचारलं होतं. वहीवाली बाई गुंडी शिवत होती, दातानं दोरा तोडून म्हणाली, “फुकटचं कोनी पाहून घेते का बाई? वीस रुपये देले का मानूस शिवण पाहते, गुंड्या मोजते, उजेडात नेऊन पाहते. नाही आवडलं त ठेवून देते.” मला तालुक्याच्या चौकातली माणुसकीची भिंत आठवली. नको असेल ते ठेवा, हवं असेल ते न्या, असं रंगवलेलं, खाली खुंट्या. पहिल्या महिन्यात ढीग लागला होता. देणारे दिवसा यायचे, कोणी कोणी फोटोसुद्धा काढून घ्यायचे. नेणारे रात्री. पुढं पावसानं कपडे भिजले, एका गाईनं एक साडी अर्धी खाल्ली आणि खुंट्यांवर काढलेली माणसाची दोन हसरी तोंडं तेवढी उरली.

काय काय येतं तिथं! दोन्ही गुडघ्यांना फाटलेली पॅंट, एकच मोजा, लग्नात आहेर म्हणून आलेलं आणि घडीही न मोडलेलं लुगडं, त्याच्या पदरात अजून पिन. न धुता दिलेलं तर कितीतरी. देणाऱ्याला वाटतं, घेणाऱ्याला काय, चालतं. (हे मी दुसऱ्यांविषयी लिहीत नाही. मी दिलेल्या गठ्ठ्यात एक पिवळा पडलेला परकर निघाला होता, तो वहीवालीनं न बोलता बाजूला टाकला आणि मी तो बघितला.) निवडताना या बाया कापड चिमटीत धरून चुरगाळतात. शंका आली तर एक धागा ओढून काडीपेटीवर धरतात. सुती असेल तर राख होऊन उडून जातो, पॉलिस्टर असेल तर कडक काळी गोळी होते. गोळीच जास्त वेळा होते. गोधडीला सुती लागतं, तान्ह्याला सुती लागतं, गॅरेजवाले ऑइल पुसायला फडकी मागतात तीही सुतीच हवीत. आणि सुतीचाच गठ्ठा सगळ्यांत लहान असतो. हे सगळं कुठं? तर इंग्रजांच्या वेळी ज्या गावच्या बनी कापसाचं नाव दूरदूरच्या बाजारात घेत, त्या हिंगणघाटाच्या मुलखात. १ जानेवारी १८७७ ला नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली ती याच कापसाच्या भरवशावर. आजही रस्त्यानं पांढऱ्याशुभ्र गाड्या जातात, बाभळीच्या काट्यांना कापूस अडकून राहतो. आमच्या वावरातून तो जातो, गाठी होऊन कुठं कुठं जातो, आणि आमच्याकडे परत येते ती ही काळी गोळी.

सगळ्यांत आधी संपतात ते माणसांचे पूर्ण बाह्यांचे शर्ट. घेतात बाया. बाहेरच्याला हे नवल वाटेल, इथं कोणाला वाटत नाही. पऱ्हाटीच्या वाळलेल्या बोंडाला नखं असतात. दिवसभर वेचलं की मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे उठतात, घाम लागला की चुरचुरतात. म्हणून लुगड्यावरून नवऱ्याचा नाहीतर कोणाचाही लांब बाह्यांचा शर्ट चढवायचा, गळ्यापर्यंत गुंड्या लावायच्या, डोक्याला फडकं, कमरेला ओटी. बॅंकेतल्या कोण्या साहेबाचा निळ्या रेघांचा शर्ट, खिशावर शाईचा डाग असलेला, मी आमच्या शेजारच्या वावरात कापूस वेचताना पाहिलाय. फवारणीवालेही असेच शर्ट नेतात. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषानं वीसहून जास्त माणसं गेली. तेव्हापासून आमच्याकडच्या काही बाया फवारणीचा शर्ट घरच्या धुण्यात घालत नाहीत. वेगळ्या बादलीत, वेगळ्या काठीनं. हंगाम सरला की टाकून देतात. नवा शर्ट असा टाकवत नाही, वीसचा टाकवतो.

तर अशा दुकानातून मी माझ्यासाठी स्वेटर घेतला आणि तो वहिनींच्या नावावर टाकला.

का, ते मला त्या दिवशी धड सांगता आलं नसतं. लहानपणी मी दुसऱ्यांचंच घातलेलं आहे. दर उन्हाळ्यात नागपूरहून आत्याचा गठ्ठा यायचा. चादरीत बांधलेला, वर संत्र्यांचा वास, कारण तो नेहमी संत्र्यांच्या टोपल्याशेजारी ठेवून आणलेला असायचा. आई तो उघडायची तेव्हा आम्ही तिघी बहिणी गोल बसायचो. फ्रॉक, स्वेटर, एकदा तर मखमलीचं जाकीट. त्या वासानं मला अजूनही नवं मिळाल्यासारखं वाटतं. जुनं आहे हे माहीत असायचं, पण त्यात कमीपणा आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. ते कळलं एका लग्नात. मी आठ-नऊ वर्षांची. निळा फ्रॉक घालून मांडवात मिरवत होते. आतेबहीण आली, तिनं काही हेटाळणी केली नाही, अगदी मायेनं माझ्या खिशात बोट घातलं आणि म्हणाली, “याच्या खिशाला आतून भोक आहे, चिंचोके ठेवू नकोस, गळतात.” बस, एवढंच. भोक होतंच, मलाही माहीत होतं. पण माझ्या खिशातलं भोक माझ्याआधी तिला माहीत होतं, हे काही मला सोसलं नाही. मी उरलेलं लग्न खिशावर हात दाबून काढलं. जेवतानासुद्धा डावा हात तिथंच.

आणि तरीही, याच घरात, बाळ जन्मलं की त्याला आधी जुनेरातच गुंडाळतात. कितीही ऐपत असो. आजीच्या धुऊन धुऊन मलमलीसारख्या झालेल्या लुगड्याची दुपटी, शेजारच्या धडधाकट पोराचं झबलं. नवं टोचतं हे खरंच, पण दुसऱ्याच्या अंगावर नांदलेलं कापड आपल्या लेकराला लाभावं, असंही त्यात असतं. माझ्या मुलाचं पहिलं झबलं कोणाकोणाच्या अंगावरून आलं होतं ते मोजलं, तर पाच लेकरं होतात. मात्र तेरवीनंतर घराबाहेर काढलेलं कापड कोणाला नको असतं. दुकानात येणारी प्रत्येक म्हातारी आधी तेच विचारते, “मेल्या मानसाचं त नाही ना वो?” वहीवाली ठरलेलं उत्तर देते, “मावशी, कापडाले काय माहीत कोन मेलं!” म्हातारी हसते, तरी लुगडं उलटंपालटं करून, नाकाशी नेऊन पाहतेच. जन्माला आलेल्याला जुनं हवं, गेलेल्याचं नको. मधल्या सगळ्या वयात मात्र कोणाचं, कोणाच्या हातून आणि कोणासमोर, यावर सगळं अवलंबून.

स्वेटर मी कपाटात खालच्या कप्प्यात ठेवला होता. घातला नव्हता. पंधरा दिवस झाले असतील. संध्याकाळी वावरात मोजणी चालू होती. धुऱ्यावरच्या कडुलिंबाला काटा टांगलेला, एकेक बाई आपलं गाठोडं अडकवायची, माझे यजमान आकडा वाचायचे, मी वहीत लिहायचे. वेचणीची मजुरी किलोवर असते, त्यामुळे त्या घडीला कोणी फार बोलत नाही, सगळ्यांचे डोळे काट्यावर. वहिनींचं गाठोडं चढलं. अडतीस. त्यांनी स्वतः वाकून आकडा पाहिला, मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “बाई, तुमी माह्या नावानं सुटर घेतला म्हने?”

त्यांची जाऊ त्या दुकानात शर्ट आणायला गेली होती. वहीवालीनं तिला कौतुकानं सांगितलं, तुमच्या वावरवाल्या बाई लय भल्या, तुमच्या जावेसाठी सुटर नेला. मी पेन धरून उभी. आणि तोंडातून काय निघावं? “हो ना, देणारच होते वहिनी, राहूनच गेलं बघा.” दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सहज आलं.

“मले नको,” त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “थंडीचं म्हनाल त घरी शाल हाय. सुटराची गोष्ट नाही बाई. माह्या सासऱ्यानं छप्पन साली नागपूरले पांढरं घालून दीक्षा घेतली. घरी आल्यावर म्हने, आजपासून कोनाच्या आंगावरचं उतरन या घरात येनार नाही. तवापासून नाही आलं. मले पायजे असन त मी पैसे देऊन आनीन, न् मलेच आनू द्या. माह्या नावानं काहून घेता?” मग गाठोडं काट्यावरून स्वतःच उतरवलं. “अडतीस लिवलं ना?” मी म्हटलं, लिहिलं.

घरी येताना बैलबंडीच्या मागं चालत होते, यजमान पुढं. त्यांना काही कळलं नव्हतं, किंवा कळून त्यांनी गप्प राहायचं ठरवलं होतं. इतक्या वर्षांत मला हे दोन ओळखता आलेलं नाही. शाळेत मी गाडगेबाबांचा धडा दरवर्षी शिकवायचे. जयंतीला पोरांना चिंध्यांची कफनी शिवून द्यायचे, हातात खापर, खराटा. दशसूत्री पाठ करून घ्यायचे. उघड्यानागड्यांना वस्त्र, हे पोरं सगळ्यांत मोठ्यानं म्हणायची. त्या चिंध्या बाबांनी स्वतः अंगावर घेतल्या होत्या, ही गोष्ट मी सांगत असे. पण कोणाच्या अंगावर चिंध्या दुसऱ्यांनी शतकानुशतकं घातल्या, मढ्यावरचं कापड हा ज्यांचा गावानं ठरवून दिलेला ‘हक्क’ होता, त्यांची पोरं त्याच वर्गात मांडी घालून बसलेली असायची, आणि कफनी घालायला मी कोणाला उभं करायचे, ते आता आठवायचा प्रयत्न केला तर घशाशी काहीतरी येतं. १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी बायांना वेगळं बोलावून लुगडं कसं नेसायचं तेही सांगितलं होतं. ज्या नेसण्यावरून जात ओळखू येते ते नेसणं सोडा, म्हणाले होते. एवढ्या मोठ्या माणसाला लुगड्याच्या निऱ्यांची चिंता का पडावी, असं मला डीएडला असताना वाटलं होतं. १९५६ च्या डिसेंबरात, ६ तारखेला बाबासाहेब गेले आणि २० तारखेला अमरावतीजवळ गाडगेबाबा. एक आयुष्यभर चिंध्यांत, एक कडक सुटात. दोघांनीही जे अंगावर घेतलं ते स्वतः ठरवून, आणि दोघांचं एकमेकांशी सख्य होतं. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कोट काचेआड जपून ठेवलेत. वहिनी बायांसोबत तिथं जाऊन आल्या तेव्हा मला सांगत होत्या, “कोट असा हाय बाई, आता घालून निंगतीन असा.” किती वेळ त्या नुसत्या त्या कोटाच्या शिवणीविषयी बोलत होत्या. मी तेव्हा ‘हो का, हो का’ करत भाजी निवडत होते.

खोटं मी का बोलले ते त्या बंडीमागं चालताना जरा उकललं. माझ्याकडे पैसे नव्हते असं नाही. पेन्शन आहे, मुलानं पुण्याहून पाठवलेले दोन स्वेटर कपाटात आहेत. दोन्ही छान आहेत आणि दोन्हींत माझं अंग खाजतं. मला तो काथ्या रंगाचाच आवडला होता, त्या कोपराच्या डागडुजीसाठी. कोणीतरी तेच टाके, तेवढेच घट्ट, दुसऱ्या लोकरीनं पुन्हा विणून काढले होते. आणि तो मला हवा आहे हे सांगायची लाज वाटली, तेव्हा जवळ जे नाव सापडलं ते घेतलं. बाजारात पिशवी विसरली की शेजारणीची मागून घेतो ना, तसं. न मागता. आठ-नऊ वर्षांची असताना मी भोकावर निदान स्वतःचा हात ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे चांगलंच धुकं होतं. मी स्वेटर काढला, झटकला, डांबरगोळीचा वास अजून होताच, घातला, आणि तसाच घालून वावरात गेले. बाया शेकोटीजवळ हात शेकत होत्या. सगळ्यांनी पाहिलं. कोणी काही बोललं नाही. वहिनी त्या दिवशी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी बाजार होता आणि बाजाराला वेचणी बंदच असते. मी मनाशी दहा वाक्यं तयार केली होती, सगळी शिक्षिकेची, पूर्णविरामासकट.

चौथ्या दिवशी त्या आल्या. अंगात लुगड्यावरून पांढऱ्या-हिरव्या चौकड्यांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. कॉलर ताठ, गळ्यापर्यंत गुंड्या. मला काही सुचायच्या आत त्यांनीच शर्टाची बाही पुढं केली. “सुती हाय. धागा जाळून पाह्यला तिच्यासमोरच. वीस म्हने, म्या पंधराच देले.” मी म्हटलं, “वहिनी, तो स्वेटर मी माझ्यासाठीच घेतला होता.” त्यांनी मान हलवली, म्हणजे हे काही नवीन नव्हतं. मग माझा डावा हात धरून उजेडाकडे वळवला आणि कोपरावरून अंगठा फिरवला. बराच वेळ. “हे ज्या बाईनं केलं ना,” त्या म्हणाल्या, “हात चांगला होता तिचा.” आणि हात सोडून, “कितीले देला?”

“पन्नास.”

“बाप्पा! न् भाव नाही केला?”

“नाही केला.”

त्यांनी ओटी कमरेला बांधली, गाठ दोनदा ओढली आणि तासात शिरल्या. पऱ्हाटी छातीएवढी होती, दवानं भिजलेली. थोड्याच वेळात फक्त डोक्याचं फडकं दिसायला लागलं. पलीकडच्या तासातल्या बाईला त्या काही सांगत होत्या. मला एवढंच ऐकू आलं, “मास्तरीन बाई... पन्नास!” आणि पलीकडून, मग त्याच्याही पलीकडून, धुक्यातून हसू येत राहिलं.